राव मामींची रसवांगी

राव मामींनी मला फसवलं. मी त्यांना नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत अजून उलटंच बोललं जातं.

मला फसवणं सोपं नाही. माझे वडील बार्शीच्या आडतीत मापाडी होते. पोत्यात हात घातला की तूर यंदाची आहे की गेल्या सालची, हे मी शाळेत असताना सांगत असे. लग्न करून चेन्नईला आले तेव्हा यजमान रेल्वेत कारकून, घर दोन खोल्यांचं, आणि मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. तरी वर्षभरात मी डबे सुरू केले. तेव्हा ओरगडमकडे मोटारींचे कारखाने उभे राहत होते. पुण्या-सांगलीकडची मुलं तिथे नोकरीला लागून मांबलममध्ये तिघं-चौघं मिळून खोल्या घ्यायची. इडली-सांबार खाऊन महिन्याभरात त्यांचे चेहरे उतरायचे. त्यांना पोळी, भाजी, आमटी घातली ती मी. भाजीवालीपासून गॅसवाल्यापर्यंत प्रत्येकाशी भांडून, ओरडून, वेळेला दारात ठाण मांडून मी धंदा उभा केला. अशा मला, जन्मात एकदाही भाव न केलेल्या सत्तरीच्या बाईने गुंडाळलं. तीन वर्षं गुंडाळलं.

आणि तरीही तसा हात मी पुन्हा पाहिलेला नाही. तेही सांगते. राग आपल्या जागी आणि खरं ते खरं.

राव मामी स्वयंपाक करताना कधीही चव घेत नसत. त्यांच्या ओट्याशेजारीच कोनाड्यात देव होते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. असा नेम पुष्कळ घरांत असतो, आणि पुष्कळ घरांत तो मोडूनच मीठ बरोबर पडतं. मामींनी तो पन्नास वर्षांत मोडला नव्हता. पळीतला थेंब तळहातावर घेणं नाही, जिभेला लावणं नाही. "वाससुद्धा घ्यायचा नाही गे," असं त्या म्हणायच्या. मग डोळे बारीक करून पुढे म्हणायच्या, "पण तो आपला आपण येतो, त्याला मी काय करू?" आणि त्या न चाखलेल्या भाजीत मिठाचा एक खडा कमी नाही, एक खडा जास्त नाही. हे मी तीन वर्षं रोज पाहिलं. चूक पकडायला टपून बसून पाहिलं.

त्यांची माझी गाठ भांडणात पडली. मांबलम स्टेशनजवळच्या भाजीच्या रस्त्यावर पोन्नम्मा नावाची भाजीवाली बसायची. तिच्याशी मी वांग्यांवरून हुज्जत घालत होते. माझं मोडकं तमिळ संपलं तेव्हा मी मराठीत सुरू झाले आणि हातातली वांगी तिच्या टोपलीत आपटली. मागून आवाज आला, "वांग्यानं तुझं काय बिघडवलं गे?"

मी गर्रकन वळले. काडीसारखी बारीक म्हातारी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, नऊवारी नेसलेली, पण नेसण तमिळ बायकांची. आणि तोंडात मराठी!

"तुम्ही मराठी?"

"होय गे. तंजावरची. तीनशे वर्षं जाहली आम्हाला इकडे येऊन. तुला किती जाहली?"

"दोन."

"मग उगी राहा आणि बघ."

त्यांनी टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती पिशवी पुढे केली. पोन्नम्माने गोणपाटाखाली हात घालून वेगळी ठेवलेली वांगी काढली. लहान, चकचकीत, देठ हिरवागार. मामींनी तिने मागितले तेवढे पैसे दिले आणि तिच्या सुनेची चौकशी करत उभ्या राहिल्या. मला राहवेना. "मामी, तिने तुम्हाला दामदुप्पट सांगितलं!" त्या म्हणाल्या, "असेल गे. तू घरी जाऊन तुझी वांगी चिरून बघ." मी त्याच टोपलीतली घेऊन गेले होते, ती चिरली. चारांतली दोन किडकी निघाली.

गंमत अशी की त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होत्या. दारावर इंग्रजीत नुसतं 'राव' लिहिलेलं. तेलुगू असतील असं समजून मी दोन वर्षं त्या दारावरून जात होते. सगळी गल्ली त्यांना राव मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

त्याच दुपारी त्यांनी एक वाटी वर पाठवली. रसवांगी. नाव ऐकून मला वाटलं, वांग्याची रस्साभाजी, त्यात काय विशेष. बार्शीच्या बाईला वांगं शिकवता? पण झाकण काढलं आणि मी पोळी घ्यायला वळले नाही. तुरीची डाळ शिजून विरघळलेली, तिच्यात अख्खे भिजवलेले हरभरे, चिंचेचं आंबट, भाजून वाटलेले धने, हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, ओलं खोबरं, आणि या सगळ्यात वांग्याच्या फोडी अशा, की उचलली तर अखंड आणि जिभेवर ठेवली की नाही. एकाही चवीने दुसरीला ढकललेलं नव्हतं. मी उभ्या उभ्या चमच्याने वाटी संपवली, बोटाने पुसली आणि तशीच खाली गेले.

"मामी, ही मला शिकवा. काय घ्याल?"

"घ्याल म्हणजे?"

"मी फुकट काही घेत नाही."

मामी हसल्या. मग म्हणाल्या, "माझे गुडघे गेले गे. रोज सकाळी पोन्नम्माकडची भाजी आणून दे. पण भांडून आणलेली नको. भांडून आणलेली भाजी मेली शिजतच नाही."

हीच अट मला जड होती, पण मी मानली. मग माझं म्हणणं मांडलं. शुक्रवारी सगळ्या डब्यांत रसवांगी घालीन म्हटलं. मांबलममध्ये तेव्हा आणखी दोन डबेवाल्या उभ्या राहिल्या होत्या, आणि माझ्याकडची मुलं तिकडे वळायला लागली होती. अशी भाजी हातात असती तर एकही गेला नसता. मामींनी चिंच कोळता कोळता ऐकून घेतलं.

"घाल की. पण मी 'आली' म्हणेन त्या दिवशी. तोवर एका डब्यात नाही. सेरी?"

सेरी म्हणजे ठीक. मी सेरी म्हटलं. मनात धरलं, पंधरा दिवस. फार तर महिना. 'आली' हा त्यांचा शब्द मला तेव्हा नीट कळलाही नव्हता. त्यांच्या बोलण्यात भाजी केली जात नसे, ती येत असे. आपण डाळ शिजवायची, वाटण वाटायचं, फोडणी द्यायची आणि वाट बघायची. कधी ती दारापर्यंत यायची आणि परत जायची. "दिसली गे, पण आत नाही आली," असं त्या माझ्या भाजीबद्दल म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं पळी आपटून निघून जावं.

पहिल्याच आठवड्यात मी वडिलांचा छोटा तराजू घेऊन खाली गेले. मामी सगळं मुठीने घालत. मी म्हटलं, तुमची मूठ आधी माझ्या पारड्यात. त्यांनी हरकत घेतली नाही. डाळ पारड्यात, मग पातेल्यात. धने पारड्यात, मग तव्यावर. चिंच, मीठ, गूळ, सगळं मी तोलत होते आणि वहीत लिहीत होते. मामी मला 'तराजू' म्हणायला लागल्या. दारावर टकटक केली की आतून विचारायच्या, "तराजू आली कां?"

बारा दिवसांनी वही उघडून बसले आणि डोकं फिरलं. एका दिवसाचं माप दुसऱ्या दिवसाशी जुळत नव्हतं. चिंच सोमवारी जेवढी, त्याच्या दीडपट बुधवारी. मीठ रोज वेगळं. धन्यांचा तर धरबंध नाही. आणि बारा दिवस मी जी रसवांगी खाल्ली होती, ती जशीच्या तशी एक होती. मापाड्याची मुलगी मी. माप बदललं की माल बदलतो, या एका गोष्टीवर माझा जन्म गेला होता. मी वही त्यांच्यापुढे टाकली आणि म्हटलं, "तुम्ही मला मुद्दाम चुकवता आहात!"

मामींनी वही उचलून बाजूला ठेवली. माझा हात धरून चिंचेच्या बरणीत घातला. "ही जुनी. बघ, काळी आहे. सोमवारी ही होती. ही दुसरी नवी, पोन्नम्माच्या झाडाची." मग वांगं हातात दिलं. "हे पाण्यातलं, परवा पाऊस पडला ना. ते आधीचं कोरडं होतं. रोज सगळं वेगळं येतं गे. मग मूठ तीच कशी चालेल?"

त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून राहिले. मी मोठमोठे व्यापारी पाहिले आहेत. दाणा चावून पावसाचं मान सांगणारे अडते पाहिले आहेत. पण चिंच, वांगं, डाळ, हरभरे या सगळ्यांची रोजची कुरकुर ऐकून, एकही थेंब न चाखता, रोज त्याच ठिकाणी जाऊन पोहोचणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. देवळात वाटते तशी.

मामी रसवांगी एका दगडी भांड्यात करायच्या. कल्चट्टी म्हणतात त्याला तिकडे. काळंभोर, जड, आतून तेलकट गुळगुळीत. त्यांच्या सासूच्या सासूचं. या भांड्याची गोष्ट अशी की ते सावकाश तापतं आणि एकदा तापलं की विस्तव बंद केल्यावरही आतली भाजी कितीतरी वेळ रटरटत राहते. म्हणून भाजी कच्ची आहे असं वाटत असतानाच आच काढायची. पुढचं भांडं बघून घेतं. मला हे जमत नव्हतं. वांगं अजून कडक दिसतंय, रस अजून पातळ आहे, आणि ही बाई म्हणते बंद कर!

"अजून दोन मिनिटं, मामी."

"बंद कर गे."

"कच्चं आहे ते!"

"असू दे कच्चं. तू हो बाजूला. तुझ्या तोंडाचंही असंच आहे बघ, आच काढायला हवी तेव्हाच तू वाढवतेस."

एकदा त्या देवाची फुलं आणायला मागच्या दारी गेल्या, तेव्हा मी पटकन पळीतला रस चाखला. अळणी लागला. चिमूटभर मीठ टाकून, पळी धुऊन, साळसूदपणे उभी राहिले. तासाभराने पानावर वाढली तर खारट. रस भांड्यात आटला होता आणि मीठ वर आलं होतं. मामींनी पहिला घास खाल्ला. माझ्याकडे पाहिलंही नाही. "चाखलीस ना? भ्यालेल्या माणसानं घातलेलं मीठ आहे हे. विश्वासानं घातलेलं असं ओरडत नाही." मी कानापर्यंत लाल झाले.

माझ्या मराठीला त्या नावं ठेवत. 'जाहलं'चं 'झालं' केलंत, 'उगी राहा'चं 'गप्प बस' केलंत, सगळं बिघडवलंत म्हणत. मी म्हणे, मामी, तुम्ही मधे मधे तमिळ घालता त्याचं काय? "ते फोडणीसारखं गे. फोडणीशिवाय भाषा पचत नाही." अशा आमच्या सकाळी जायच्या. बाहेर रिक्षांचे भोंगे, पलीकडे लोकलची धडधड, आणि आत आम्ही दोघी दगडी भांड्यापुढे पाट मांडून बसलेल्या. पोन्नम्माकडे मी भांडत नसे. पिशवी पुढे करायची आणि गप्प उभं राहायचं. पहिले दोन महिने भाव ऐकला की मी पिशवीचे बंद पिळत राहायचे. मग एक दिवस तिने न मागता गोणपाटाखाली हात घातला.

वर्ष झालं. 'आली' काही येईना. दुसरं वर्ष लागलं. डब्याची मुलं वासाने वेडी व्हायची. "काकू, खालून रोज वास येतो, ते आमच्या डब्यात कधी?" मी म्हणे, येईल. मला कोण अडवणार होतं? शुक्रवारी पातेलंभर करून डब्यांत भरली असती, तर मामींना कळलंही नसतं. पण शब्द दिला होता. भाव करताना मी कुणालाही रडवीन. ठरल्यावर मात्र मी मागे फिरत नाही. त्या दोन वर्षांत सहा मुलं दुसऱ्या डब्यांकडे गेली. मी दातओठ खाल्ले, पण रसवांगी भरली नाही.

दरम्यान एक गोष्ट हळूहळू होत होती आणि मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. मामींच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. आधी त्यांनी खोबरं खवणं माझ्याकडे दिलं. मग वाटण. मग चिंच कोळणं. मग एक दिवस म्हणाल्या, "आज मूठही तूच घाल गे, मी बसते." तिसऱ्या वर्षी सगळी रसवांगी मी करत होते आणि त्या पाटावर बसून नुसती हनुवटी हलवायच्या. हनुवटी वर गेली की आच काढायची. घरात त्यांच्या एकटीपुरतं रोजचं रांधणंही मीच उरकून यायला लागले. आम्ही दोघीही याबद्दल बोललो नाही. मला वाटे, मी शिकते आहे.

त्यांचा मुलगा श्रीधर बेंगळुरूला असे. दर रविवारी फोन यायचा. मामी तमिळमध्ये पुन्हा पुन्हा एकच सांगायच्या आणि फोन ठेवून मला म्हणायच्या, "चल म्हणतो. तिथे स्वयंपाकाला बाई आहे म्हणतो. मी तिथे जाऊन काय करू, सोफ्यावर बसू? हा पाट आहे तोवर मी आहे गे." मी म्हणे, "सांगा ना त्याला ठणकावून." त्या म्हणायच्या, "सगळं ठणकावून होत नाही."

मग ते पाहुणे आले. आदल्या दिवशी मामींनी मला बोलावून सांगितलं, "उद्या श्रीधर येतो. तंजावरहून माझ्या वन्संही येतात. रसवांगी तू कर. आणि उद्या उगी राहा गे. काही जाहलं तरी उगी राहा." त्या मला रोजच उगी राहायला सांगत. मी मान डोलवली आणि कोवळी वांगी आणायला पहाटेच पोन्नम्माकडे गेले.

त्या दिवशी माझा हात असा चालला की सांगता येत नाही. चिंच बोटाला लागली आणि ती किती हवी ते कळलं. मीठ टाकलं आणि मनात शंका आली नाही. मामींची हनुवटी हलायच्या आधी मी आच काढली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भांड्याकडे पाहत होत्या. नैवेद्य झाला, पानं मांडली. ऐंशीच्या वन्सं, श्रीधर आणि मामी बसल्या. मी वाढायला.

"या कोण?" वन्संनी विचारलं.

"वरच्या मजल्यावरची. मदतीला येते," मामी म्हणाल्या.

मदतीला! मी पळी घट्ट धरली. वाढलं. वन्संनी रसवांगीचा घास घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घास घेतला. मग म्हणाल्या, "हात तोच आहे गे तुझा. लग्न होऊन आलीस त्या वर्षी केली होतीस, तीच ही." श्रीधरकडे वळून म्हणाल्या, "बघ रे. जिच्या हाताला हे अजून येतं, तिला तू उचलून न्यायला निघालास?" श्रीधर दुसऱ्यांदा वाढून घेत होता. तो हसला. "बरोबर आहे, अत्तै. अम्मा जमवते आहे." मामी मान खाली घालून भात कालवत होत्या. वन्संनी मामींचा सुजलेला हात हातात घेतला आणि कपाळाला लावला.

जे ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते, ते सगळं त्या हाताला मिळालं. मी बाजूला, पळी घेऊन.

माझं तोंड सुटलं. "कुणाचा हात? ही मी केली आहे! आज नाही, गेलं वर्षभर मीच करते. मामी मूठभर मीठसुद्धा घालत नाहीत. त्यांना पळी धरवत नाही, विचारा त्यांना!"

श्रीधरने हातातला घास पानावर ठेवला. "निजमा, अम्मा?" खरं का, असं विचारत होता. मामींनी सुजलेला हात वन्संच्या हातातून सोडवून घेतला. वन्सं म्हणाल्या, "पोरी, काय केलंस गे हे?" आणि मग मला कळलं. श्रीधर ठरवायला आला होता. आई स्वतःचं स्वतः रांधून खाऊ शकते असं वन्संनी सांगितलं तर राहू द्यायची, नाहीतर न्यायची. हे त्या तिघांना माहीत होतं. मला नव्हतं.

मामी जेवत राहिल्या. पानावरची रसवांगी त्यांनी संपवली. कडेला राहिलेला रस बोटाने ओढून घेतला. पान असं स्वच्छ केलं की नुकतं मांडलंय असं वाटावं. मग उठल्या, हात धुतले आणि माझ्याजवळून जाताना इतकंच म्हणाल्या, "आच काढायची होती गे."

पंधरवड्यात घर रिकामं झालं. दगडी भांडं त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर नेलं, असं गल्लीतल्या लोकांनी सांगितलं. मी स्टेशनवर गेले नाही. मी रागावले होते. मला वाटत होतं की त्यांनी आधी माझी क्षमा मागावी.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. मी हॅलो म्हटलं तर पलीकडून, "आज वांगी कशी आहेत गे?" मी म्हटलं, बरी आहेत. "पोन्नम्मा?" तीही बरी आहे. त्यांच्या तिथल्या स्वयंपाकघरात दगडी भांडं बसत नाही, शेगडीवर डुगडुगतं, म्हणून ते वर ठेवून दिलंय, असं त्यांनी सांगितलं. मग मी विचारलंच. "मामी, त्या दिवशी आली होती का?"

"फोनातून वास येतो कां गे? तू इथे ये. करून दाखव. मग सांगते."

मी हो म्हटलं. जाणार होते. बेंगळुरू काय, सकाळी गाडीत बसलं की दुपारी तिथे. पण डबे कोण बघणार, आणि खरं सांगायचं तर राग अजून पुरता निवला नव्हता. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. मग पोंगलनंतर. पोंगलच्या आधीच श्रीधरचा फोन आला. त्याने तुटक मराठीत सांगितलं, अम्मा गेली. मी ऐकलं आणि फोन ठेवून चिंच भिजत घातली. कशाला घातली, मला माहीत नाही.

आता माझ्याकडे तीन बायका कामाला आहेत. तिरुवल्लिकेणीपर्यंत डबे जातात. शुक्रवारी मी घरात रसवांगी करते, न चाखता. मुलं विचारतात, "काकू, ही डब्यात कधी?" मी सांगते, अजून आली नाही. शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण मामी, तुम्हीही शब्द दिला होता, 'आली' की सांगेन असा. पारड्यात माझ्या बाजूला काय आहे ते मला दिसत होतं. तुमच्या बाजूला तुमचं घर होतं, आणि ते तुम्ही लुगड्याच्या पदराखाली झाकून बसलात. एक शब्द बोलला असतात तर मी तोंडात मूग धरून उभी राहिले असते. श्रीधरला मीच शपथेवर सांगितलं असतं की मामींचाच हात. तोंड माझं सुटलं, ते मला मान्य आहे. त्याचं उत्तर मी रोज देते आहे. पण तुमच्याकडचं उत्तर बाकी आहे.

त्या दिवशी तुम्ही पान पुसून खाल्लंत. मी पाहिलं आहे. ती रसवांगी आली होती की नव्हती? सांगा, मामी. आता उगी राहू नका.